कोल्हापूर हाच अभ्यासक्रम

माणसाने घडवलेल्या आणि माणसाला घडवणाऱ्या गोष्टींचा अभ्यास करणाऱ्या विषयांना मिळून मानव्यविद्या म्हणतात. भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, धर्म आणि कला हे त्यांतले जुने विषय. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि मानवशास्त्र ही त्यांची अलीकडची भावंडे. चालू काळातला समाज समजून घ्यायचा असेल, तर यांपैकी एकाच विषयाचा हात धरून फार लांब जाता येत नाही. उसाचा दर, पूरग्रस्त गावाचे पुनर्वसन, घटणाऱ्या मुली, जातवार वसतिगृहे, चपलेचे भौगोलिक मानांकन यांतला कोणताही प्रश्न एका विषयाच्या पाठ्यपुस्तकात मावत नाही. एका प्रश्नासाठी अनेक विषयांची साधने एकत्र वापरायला शिकवणे, याला आंतरविद्याशाखीय शिक्षण म्हणतात.

हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने विद्यापीठांत चार विद्याशाखा ठरवल्या आणि त्यांतल्या एकीचे नावच आंतरविद्याशाखीय अभ्यास असे ठेवले. शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, समाजकार्य, पत्रकारिता यांसारखे विषय तिच्यात आले. ही कारभाराची सोय झाली. पण वेगवेगळे विषय एका छपराखाली आणले म्हणून ते एकमेकांशी बोलू लागतात असे नाही. इतिहासाचा एक पेपर आणि अर्थशास्त्राचा एक पेपर देणारा विद्यार्थी बहुविद्याशाखीय शिक्षण घेत असतो. इतिहासाने दिलेल्या माहितीमुळे अर्थशास्त्रातला त्याचा प्रश्नच बदलला, तर ते शिक्षण आंतरविद्याशाखीय होते.

करवीर तालुक्यातील प्रयाग चिखलीवरून हा फरक समजतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते ती येथे. पाचवी नदी गुप्त सरस्वती अशी श्रद्धा आहे. १९८९ च्या महापुरानंतर चिखलीकरांना सोनतळी येथे पुनर्वसनासाठी जागा देण्यात आली. तरीही पुष्कळ कुटुंबे जुन्या गावातच राहिली आणि २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांत पुन्हा अडकली. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर आणि २०२१ मध्ये ५६ फुटांवर गेले.

लोक हलत का नाहीत? भूगोलाचा विद्यार्थी पूररेषेचा नकाशा काढेल, अर्थशास्त्राचा विद्यार्थी नुकसानीचा हिशेब मांडेल, समाजशास्त्राचा विद्यार्थी भावकी आणि शेजाराचे महत्त्व सांगेल. तिन्ही उत्तरे खरी असतील आणि तिन्ही अपुरी राहतील. गोठा, वैरण आणि दोन वेळच्या धारा विचारात घेतल्या की भूगोलाचे अंतर किलोमीटरांत मोजून भागत नाही, ते दिवसातल्या फेऱ्यांत मोजावे लागते. १९८९ साली एका घराला एक प्लॉट मिळाला आणि पुढे मुलांची लग्ने होऊन त्याच घरात तीन चुली झाल्या, तर अर्थशास्त्राच्या हिशेबातले ‘कुटुंब’ हे एककच मोडते. येथे कायदा, वारसा आणि नातेसंबंध यांच्याशिवाय नुकसानीचा आकडाही नीट काढता येत नाही. एका विषयाने दुसऱ्याचे मोजमाप दुरुस्त करणे हे या शिक्षणाचे खरे काम आहे.

विषयांच्या आजच्या भिंती फार जुन्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात युरोपातील विद्यापीठांनी विभाग, पदव्या आणि नियतकालिके यांची जी मांडणी केली, तीच पुढे मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे आली. या भिंतींना पहिले धक्के पहिल्या महायुद्धानंतर बसले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१९ मध्ये समकालीन संस्कृती या नावाचा अभ्यासक्रम सुरू झाला. महायुद्ध घडवून आणणारा समाज विद्यार्थ्यांना समजलाच पाहिजे, या जाणिवेतून तो आला होता. फ्रान्समध्ये मार्क ब्लॉक आणि ल्युसियाँ फेव्र यांनी १९२९ मध्ये ‘आनाल’ हे नियतकालिक काढले आणि राजांच्या लढायांकडून शेती, हवामान, किमती व लोकमानस यांच्याकडे इतिहास वळवला. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची धुरा पॅट्रिक गेडिस यांच्याकडे आली. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार. शहर समजण्यासाठी आधी ते पायी फिरून पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यानंतर आलेले मालवणचे गो. स. घुर्ये संस्कृतचे विद्यार्थी होते. भारतीय समाजशास्त्राचा पाया अशा दुसऱ्या विषयांतून आलेल्या माणसांनी घातला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत पुरेशी ठसवली जात नाही.

मराठीत तर ही रीत मुंबईच्या त्या विभागाच्याही आधीची आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सारा, कर्ज, जंगल कायदा, धार्मिक विधींचा खर्च, नोकरशाहीतील जातीचे वर्चस्व आणि शिक्षणाचा अभाव हे सगळे एकाच युक्तिवादात गुंफले आहे. ते आज कोणत्या विभागाच्या यादीत घालायचे, असा प्रश्न पडावा असे हे पुस्तक आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी महसूल खात्यातील अनुभवावर १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिले. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात अर्थशास्त्र शिकत असताना १९१६ मध्ये मानवशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातींवर निबंध वाचतात आणि दोन वर्षांनी शेतीच्या तुकडीकरणावर लिहितात. या दुसऱ्या निबंधाचे म्हणणे असे की तुकडे छोटे आहेत हे दुखण्याचे लक्षण आहे. शेतीवर अवलंबून असलेल्या जास्तीच्या माणसांना उद्योग नाही, हे मूळ दुखणे. गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी नाण्यांची वजने संख्याशास्त्राने तपासत आणि पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर म्हसोबा, सटवाईची ठाणी शोधत हिंडत. दोन्हींतून त्यांचे १९५६ चे प्राचीन भारतावरील पुस्तक उभे राहिले. इरावती कर्वे यांनी नातेव्यवस्थेचा अभ्यास केला आणि ‘युगान्त’मध्ये त्याच नजरेने महाभारताची माणसे वाचली. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचा शोध शिलालेख, स्थळपुराणे, मूर्ती आणि धनगरांच्या ओव्या एकत्र ठेवून घेतला.

कोल्हापुरात या रीतीला संस्थानाचा आधार मिळाला. राजाराम कॉलेजात १८८० पासून महाविद्यालयीन वर्ग भरू लागले; गोपाळ कृष्ण गोखले तेथे काही काळ शिकले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील तेथील अध्यापकांची नावे पाहिली, तर आजच्या विभागांच्या चौकटीत कोणी नीट बसत नाही. प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी भारत आणि इंग्लंड यांच्यातील व्यापारावर संशोधन केले आणि पुढे शिवाजी महाराजांचे चार भागांचे इंग्रजी चरित्र लिहिताना डच कागदपत्रांचा उपयोग केला. ना. सी. फडके तत्त्वज्ञान शिकवत आणि कादंबऱ्या लिहीत. माधव जूलियन कवी होते, फार्सीचे अभ्यासक होते आणि त्यांनी फार्सी-मराठी कोशही केला. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासकार होते. खेड्यांतून आलेली, घरात पहिल्यांदाच पदवी घेणारी मुले या विद्यापीठाच्या वर्गांत मोठ्या संख्येने बसली, आणि आपल्या गावाबद्दलचे प्रश्न ती सोबत घेऊन आली.

त्यांतला एक प्रश्न वसतिगृहांचा. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग निघाले, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. लिंगायत आणि इतर अनेक समाजांची वसतिगृहे त्याच मालिकेत आली. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने संस्थानाच्या नोकरीत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्यात आल्या होत्या. पण जागा भरायला शिकलेली मुले हवीत, आणि खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला खोली व दोन वेळचे जेवण हवे. म्हणजे वसतिगृह ही आरक्षणाच्या हुकमाची दुसरी बाजू होती, हे राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र मिळून सांगतात. समाजशास्त्र पुढे विचारते: जातवार वसतिगृहाने जात सैल होते की घट्ट? याचे उत्तर एका वाक्यात देणारा अभ्यासक घाई करतो. त्या काळी वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवणे बहुतेक पालकांना मान्य नव्हते आणि जातीच्या नावावर देणग्या मिळत होत्या. पण कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले ते सर्व जातींच्या मुलांसाठी, एका स्वयंपाकघराचे. एकाच परंपरेत दोन वेगळे टप्पे दिसतात. माणगावच्या मार्च १९२० च्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेला शाहू महाराज आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली उपस्थित राहिले, तेही याच गोष्टीचे पुढचे पान आहे. इतिहास क्रम देतो. त्या क्रमातला तणाव समजायला आत्मचरित्रे, देणगीच्या याद्या आणि स्वयंपाकघराचे नियम वाचावे लागतात.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्यावर थांबून विचार करणे भाग आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटातील दर हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. महाराष्ट्राचा आकडा ९१३ आणि देशाचा ९२७ होता. बागायती शेती, दूध संघ, साखर कारखाने, रस्ते, शाळा आणि शाहूंचा वारसा असलेला हा जिल्हा. संपन्नता आणि शिक्षण वाढले की स्त्रियांची स्थिती सुधारते, हा विकासाच्या अर्थशास्त्रातला सर्वसाधारण समज येथे सरळ आपटतो.

लोकसंख्याशास्त्र सांगते की एवढी तफावत निसर्गाने होत नाही. गर्भातच निवड होत असली पाहिजे. तंत्रज्ञानाचा इतिहास सांगतो की सोनोग्राफीची यंत्रे जेथे रस्ते, दवाखाने आणि खर्च करण्याची ऐपत होती तेथे आधी पोचली. म्हणजे संपन्नतेने येथे निवडीचे साधन पुरवले. आता प्रश्न उलटा होतो. ऐपत वाढूनही मुलगी नको का वाटते? येथे जमीन येते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा करून मुलींना वडिलार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला आणि गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा केंद्राचा कायदाही त्याच वर्षी संमत झाला. बागायती जमिनीचा एक एकर म्हणजे कायमचे उत्पन्न असते. तो जावयाच्या घरी जाईल ही भीती आणि हुंड्याचा वाढता आकडा, दोन्ही एकाच माजघरात बोलले जातात. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची आणि माहेर राखायचे, हा अलिखित व्यवहार कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. तो तलाठ्याच्या फेरफारात आणि भाऊबीजेच्या ओवाळणीत सापडतो. लोकगीतांतल्या भाऊ-बहिणीच्या ओव्या वाचल्याशिवाय ही सही इतक्या सहज का होते, हे अर्थशास्त्राला कळणार नाही. उलट, केवळ ओव्या वाचणाऱ्याला त्या मायेची बाजारातली किंमत दिसणार नाही.

या प्रश्नावर कोल्हापुरात एका प्रशासकाने केलेले काम अभ्यासाला फार उपयोगी आहे. लक्ष्मीकांत देशमुख हे जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण जोडण्याची मोहीम हाती घेतली गेली. प्रत्येक तपासणीची नोंद त्यात राहत असे. डॉक्टरांच्या संघटनेने रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा काढून त्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश योग्य ठरवला. देशमुख हे मराठी कथाकारही आहेत आणि त्यांनी याच विषयावर ‘सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी’ हा कथासंग्रह लिहिला. आकडेवारी, यंत्र, न्यायालय आणि कथा अशा चार वाटांनी एकच प्रश्न पाहता येतो. कथा आकड्याचे भाषांतर करीत नाही. गर्भपाताचा निर्णय घेणाऱ्या घरात नेमके कोण बोलते आणि कोण गप्प बसते, हे ती दाखवते. खासगीपणाचा मुद्दाही हलक्याने सोडण्यासारखा नाही: जिच्या पोटातील गर्भाची नोंद होते तिला कोणी विचारले का, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न न्यायालयाच्या निकालानंतरही उरतो.

तिसरा धागा कर्जाचा. तो जवळजवळ दीडशे वर्षांत पसरलेला असल्यामुळे इतिहासाची साथ येथे सतत लागते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि कर्जरोखे जाळले. माणसे मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता, हे पाहण्यासारखे आहे. कोर्टात कागदच बोलतो हे निरक्षर शेतकऱ्याला पुरते कळले होते. चौकशी आयोग बसला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. अर्धशतकानंतर, १९२५ मध्ये, बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरातील महाराष्ट्र फिल्म कंपनीने नारायण हरी आपटे यांच्या कथेवर ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. तरुण व्ही. शांताराम त्यात शेतकऱ्याच्या भूमिकेत होते. जमीन सावकाराच्या घशात गेलेला हा शेतकरी शहरात गिरणीच्या दाराशी जातो. पौराणिक चित्रपटांच्या काळात हा विषय निवडला गेला, हीच समाजाच्या इतिहासातली नोंद घेण्यासारखी घटना आहे. कायदा होऊन ४६ वर्षे झाली तरी प्रेक्षकाला ती कथा शिळी वाटली नाही, हे चित्रपट सांगतो आणि आयोगाचा अहवाल सांगू शकत नाही.

१९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्रामीण पतपुरवठ्याची देशभर पाहणी केली, तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला. महाराष्ट्राने सहकाराचा जो आग्रह धरला त्यामागे हा आकडा आहे. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा केला. कोल्हापूर-सांगलीत पुढे कारखान्यांची रांग लागली. ऊसकरी शेतकरी सभासद झाला, सोसायटीचे कर्ज मिळू लागले, गावच्या राजकारणाची सूत्रे कारखान्याच्या संचालक मंडळाकडे गेली. २००९ पासून उसाला एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर बांधून दिला जातो आणि त्यावर किती मिळावे यासाठी जयसिंगपूरला ऊस परिषदा भरतात. येथपर्यंतची गोष्ट सावकाराच्या पाशातून सुटण्याची आहे.

मात्र त्याच उसाच्या फडात दुसरे कर्ज उभे असते. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या कोरडवाहू भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून हंगामाआधी ‘उचल’ घेतलेली असते आणि तोडीच्या मजुरीतून ती फेडायची असते. हंगामात फिटली नाही तर ती अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. कारखान्याच्या हजेरीपटावर हा मजूर बहुधा नसतो, कारण करार वाहतूकदार आणि मुकादमाशी असतो. एका कोयत्यात बाईचे काम मिसळून जाते आणि तिच्या नावाची वेगळी मजुरी उरत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे मोठे प्रमाण उजेडात आले आणि राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. पाळीच्या किंवा दुखण्याच्या दिवसांत खाडा झाला की दंड बसतो, हे त्यामागचे एक कारण पुढे आले. वैद्यकशास्त्र शस्त्रक्रिया मोजेल; पण ‘खाडा’ या शब्दाचा अर्थ उलगडल्याशिवाय ती का झाली हे समजणार नाही. सुप्याचा रोखा, ‘सावकारी पाश’ आणि उचल या तिन्हींना एका वर्गात शेजारी ठेवले, म्हणजे सहकाराने कर्ज संपवले की त्याचा भार एका समाजगटाकडून दुसऱ्याकडे सरकवला, हा प्रश्न विद्यार्थी स्वतः विचारू लागतो.

चपलेचा विषय त्या मानाने लहान आहे, पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना मिळून, दोन्हींकडच्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. राज्याची सीमा भाषेने आखली गेली; कातडे कमावणाऱ्या आणि चपला शिवणाऱ्या समाजांचे संबंध तिच्या दोन्ही बाजूंना राहिले, म्हणून मानांकनही एका राज्याचे होऊ शकले नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावण्यात रसायनशास्त्र आहे, वेणी घालण्याच्या कामात स्त्रियांचे श्रम आहेत, कातड्याला हात लावणाऱ्याला अस्पृश्य ठरवण्यात धर्मशास्त्र आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, आणि वाद उठल्यावर त्यांची प्रेरणा भारतीय कारागिरीतून आल्याचे मान्य केले. चपलेला जगभर मान मिळाला, पण ती शिवणाऱ्याच्या सामाजिक प्रतिष्ठेचे काय झाले, हे कोल्हापुरातल्या ‘चप्पल लाइन’ या बाजारातल्या भावावरून कळत नाही.

अशा अभ्यासात विद्यार्थ्याला काय यायला हवे, याची यादी लांबवण्यात अर्थ नाही. चार कौशल्यांवाचून मात्र गाडी अडते. त्याला आकडे वाचता यायला हवेत: ८३९ हा आकडा जन्माचा नसून वयोगटाचा आहे, आणि जिल्ह्याच्या सरासरीखाली तालुक्यांतला फरक लपतो, इतके तरी. त्याला दप्तर वाचता यायला हवे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानचे कागद आहेत, १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर आहे, ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननातील वस्तू टाउन हॉलच्या संग्रहालयात आहेत. त्यांत रोमन समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती आहे आणि ती पंचगंगेकाठच्या या गावाचा दूरचा व्यापार सांगते. त्याला साहित्य वाचता यायला हवे, पण पुरावा म्हणून कसे आणि कितपत वापरायचे हे जाणून. आनंद यादवांचे ‘झोंबी’ कागलकडच्या एका मुलाच्या शिक्षणाची झटापट सांगते, त्यावरून साऱ्या जिल्ह्याची टक्केवारी काढता येत नाही. पण बापाला मुलाचे शिकणे हे शेतीवरचे नुकसान का वाटते, हे त्या पुस्तकाइतके दुसरे कोणतेही सर्वेक्षण सांगत नाही. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ ही कादंबरी धरणग्रस्त गावाकडे मागे राहिलेल्या म्हशीच्या बाजूने पाहायला लावते.

चौथे कौशल्य ऐकण्याचे. फडावर किंवा पूरग्रस्तांच्या छावणीत प्रश्नावली घेऊन जाणारा विद्यार्थी समोरच्याचा वेळ आणि विश्वास घेत असतो. परवानगी विचारणे, नाव न छापणे, मुकादमासमोर मजुराला मुकादमाबद्दल न विचारणे आणि जे सापडले ते त्या माणसांना त्यांच्या भाषेत परत जाऊन सांगणे, हे शिकवल्याशिवाय क्षेत्रभेटीला पाठवणे योग्य नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने या शिक्षणाला चौकट दिली आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची नवी रचना लागू झाली. मुख्य विषयाबरोबर गौण विषय, दुसऱ्या विद्याशाखेतले खुले ऐच्छिक विषय, क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभागाचे काम तीत आहे. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६ श्रेयांक लागतात. वाव चांगला आहे. धोकाही तेवढाच आहे. विद्यार्थ्याने इकडचे दोन आणि तिकडचे दोन श्रेयांक गोळा केले, पण ते एकत्र आणणारा प्रश्न कोणी दिला नाही, तर अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याखेरीज हाती काही लागत नाही. आंतरविद्याशाखीय काम करणारे बहुतेक मोठे अभ्यासक निदान एका विषयात पक्के होते: कोसंबी गणितात, कर्वे मानवशास्त्रात, आंबेडकर अर्थशास्त्र आणि कायद्यात. म्हणून पहिली दोन वर्षे एका विषयाची शिस्त आणि मग सामाईक प्रश्न, हा क्रम अधिक हितकारक. सामाईक प्रश्नाचा तास दोन विषयांच्या शिक्षकांनी वर्गात एकत्र उभे राहून घेतला, तर त्यांचे मतभेद विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दिसतात. पण शिक्षकाचा कार्यभार विषयवार तासांवर मोजला जातो आणि पदेही विषयवार भरली जातात. दोघांनी घेतलेला एक तास कोणाच्या खात्यावर लिहायचा, हा कारभाराचा साधा प्रश्न सुटल्याशिवाय ते घडणे कठीण. परीक्षेचेही तसेच. ‘टीपा लिहा’ या प्रश्नाने स्मरण तपासता येते. एखादा फेरफार उतारा, एक ओवी आणि जनगणनेचा एक तक्ता समोर ठेवून उत्तर मागितले, तर गाईड उपयोगी पडत नाही.

भाषेचा मुद्दा सर्वांत शेवटी येत असला तरी कोल्हापुरात तो पायाचा आहे. येथील बहुसंख्य विद्यार्थी मराठीतून विचार करतात आणि सिद्धान्ताची पुस्तके इंग्रजीत असतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईत सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाने परिभाषेचा मोठा साठा तयार केला. तो वर्गात वापरला गेला पाहिजे. पण परिभाषेच्या जोडीला लोकांचे शब्दही अभ्यासाचे साधन म्हणून घ्यावे लागतात. कोयता, उचल, खाडा, भावकी, हक्कसोड, चूल या प्रत्येक शब्दात एकेक सामाजिक व्यवहार साठवलेला आहे आणि त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द तो व्यवहार झाकून टाकतात. संस्थानकाळाच्या मागे जायचे तर मोडी लिपी यावी लागते. ती न येणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याच गावच्या पाटलाचा जुना कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि ज्याने वाचून दाखवला त्याने कोणता शब्द गाळला हे त्याला कळत नाही. मोडी, जनगणनेचे तक्ते आणि फडावरची बोली ही तिन्ही एकाच विद्यार्थ्याला एकाच पदवीत शिकता येण्यासाठी लागणारी दप्तरे, माणसे आणि शब्द करवीर तालुक्याच्या परिघात हाताशी आहेत.